एका चेंडूएवढी चूक!

शाळेच्या स्पोर्ट्स डेच्या आदल्या दिवशी मैदानावर फक्कीने रेघा मारतात, पाहिलंस ना? फक्की म्हणजे ती पांढरी पूड. पी.टी.चे सर डबा हलवत पुढे, आणि दोरी धरून आपण मागे! नाकात पूड जाते, शिंका येतात, आणि फार फार मजा येते.

आता मला सांग. त्यातली एखादी रेघ चुकून जरा आत पडली, तर तुला कळेल?

"कळणारच!" म्हणशील. थांब हं. इतक्यात पैज लावू नकोस!

३१ मार्च २०२४. अमेरिकेतलं पोर्टलंड नावाचं शहर. केवढं तरी मोठं बंद स्टेडियम. चकचकीत लाकडी मैदान. टीव्हीचे कॅमेरे लागलेले. कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉलची सगळ्यांत मोठी स्पर्धा चालू आहे. टेक्सास आणि नॉर्थ कॅरोलिना स्टेट या दोन विद्यापीठांच्या मुली अंग मोकळं करतायत. जो संघ जिंकेल, तो थेट शेवटच्या चार संघांत!

आणि सामना सुरू व्हायला थोडाच वेळ असताना कळलं, की मैदानावरची एक रेघ चुकली आहे. एका टोकाची रेघ बरोबर. दुसऱ्या टोकाची मात्र जवळजवळ ९ इंच आत!

खरी गंमत पुढेच आहे. याच मैदानावर आधी चार सामने होऊन गेले होते. चार! देशातल्या उत्तम खेळाडू त्या रेघेपाशी उभ्या राहून नेम धरत होत्या. पंच होते, प्रशिक्षक होते, हजारो प्रेक्षक होते. पण चूक ध्यानात आली ती थेट पाचव्या सामन्याच्या तोंडावर!

मग काय केलं असेल? ओळख पाहू!

दोन्ही संघांना विचारलं. रेघ नीट करायची तर सामना उशिरा सुरू होणार. का आहे तशीच ठेवून खेळायचं? दोघांनी सांगितलं, खेळू या! आणि खेळल्या. नॉर्थ कॅरोलिना स्टेटने ७६-६६ असा सामना जिंकला. रेघ दुसऱ्या दिवशीच्या सामन्याआधी दुरुस्त झाली.

"पण हा अन्याय नाही का झाला?" छान प्रश्न! मलाही पहिल्यांदा असंच वाटलं होतं. मग आठवलं, की सामन्याच्या मध्यावर संघ बाजू बदलतात. म्हणजे जवळची रेघ अर्धा वेळ हिला आणि अर्धा वेळ तिला. एकाच बाकावर आळीपाळीने खिडकीपाशी बसावं, तसं!

आता ९ इंच म्हणजे किती? तुझ्या कंपासमधली नाही, दप्तरातली मोठी ३० सेंटिमीटरची पट्टी घे. तिच्यातले ७ सेंटिमीटर बोटाने झाक. उरले ते ९ इंच. साधारण २३ सेंटिमीटर. आणि मुली ज्या चेंडूने खेळतात, त्या चेंडूची रुंदी किती असते, ठाऊक आहे?

साधारण २३ सेंटिमीटर! चूक जवळजवळ एका चेंडूएवढी होती!

अरे हो. बास्केटबॉल कधी पाहिलाच नसेल तर ही रेघ कसली, ते कळायचं नाही. अगदी सोपं आहे. एका संघात पाच जणी. मैदानाच्या दोन टोकांना उंचावर दोन लोखंडी रिंगा. चेंडू समोरच्यांच्या रिंगेतून खाली पाडला, की २ गुण. पण रिंगेभोवती लांबवर एक मोठी कमान काढलेली असते. त्या कमानीच्या बाहेरून चेंडू टाकलास तर २ नाही, ३ गुण! लांबून नेम धरल्याचं बक्षीसच ते. पाय नुसता रेघेवर पडला तरी बक्षीस गेलं. मग २ वरच समाधान!

ही कमान आधीपासून तिथेच होती असं वाटतं ना? मुळीच नाही! अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींच्या खेळात ती आली १९८७ च्या मोसमात. तेव्हा ती रिंगेपासून जेमतेम ६ मीटरवर होती. २०११ साली मागे सरकवली, ६.३२ मीटरवर. २०२१ साली पुन्हा मागे सरकवली. आता ती आहे ६.७५ मीटरवर. जगभर बायकांच्या आणि पुरुषांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांत एवढ्याच अंतरावर असते.

म्हणजे रेघ चालते! हळूहळू, मांजरीच्या पावलांनी, पण चालते.

का बरं सरकवतात? सांगते. तू मुंबईच्या घाटकोपर स्टेशनावर संध्याकाळी लोकलमध्ये चढणारी गर्दी पाहिली आहेस का? सगळे दारापाशी! आत जागा असते, पण दारात मुंगीलाही शिरायला वाव नसतो. रिंगेखाली अगदी असंच होतं. सगळ्या जणी रिंगेजवळ गर्दी करतात. हात, कोपर, खांदे, नुसती रेटारेटी! मग ही कमान जरा मागे न्यायची. लांबून टाकणारी मुलगी लांब उभी राहते. तिला अडवणारीलाही तिच्यामागे लांब जावं लागतं. की झाली मधली जागा मोकळी! एखादी चपळ मुलगी त्या मोकळ्या जागेतून सुळकन आत घुसते आणि रिंगेत चेंडू!

नुसती एक रेघ हातभर मागे घेतली, आणि खेळ मोकळा श्वास घ्यायला लागला.

मग हे ठरवतं कोण? तुमच्या सोसायटीची मीटिंग असते ना? सायकली कुठे लावायच्या, क्रिकेट किती वाजेपर्यंत खेळायचं, यावर सगळे काका-काकू तावातावाने बोलतात. तशीच इथेही समिती असते. अमेरिकेत कॉलेजांच्या खेळांची मोठी संस्था आहे, एनसीएए. तिची मुलींच्या बास्केटबॉलसाठी वेगळी समिती आहे. मोठे बदल साधारण दोन वर्षांतून एकदा. समिती प्रशिक्षकांना विचारते, काय खटकतंय? मग बदल सुचवते. आणि वरची दुसरी समिती त्यावर 'हो' किंवा 'नाही' म्हणते.

कधीकधी तर आधी चव घेऊन बघतात! गणपतीत आई सगळे मोदक वळायच्या आधी एकच उकडून बघते ना, फुटतोय का ते? तसंच. २०१८ साली मुलांच्या एका स्पर्धेत लांबची कमान आधी अशीच करून पाहिली होती. मोदक फुटला नाही! मग ती कमान मुलांच्या खेळात आली, आणि पुढे मुलींच्याही.

आता मी तुला मागे नेते. चांगलं शंभराहून जास्त वर्षं मागे. कारण मुलींच्या खेळाचे नियम तेव्हा जे होते, ते ऐकून तुझा विश्वासच बसणार नाही!

१८९१ सालचा डिसेंबर. अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड गाव. बाहेर कडाक्याची थंडी. जेम्स नेस्मिथ नावाचे एक शिक्षक. त्यांच्या वर्गात १८ दांडगे विद्यार्थी. बाहेर खेळता येत नाही, आणि आत नुसती कवायत करून सगळे कंटाळलेले. पावसाळ्यात पी.टी.चा तास वर्गातच झाला की आपण कसे वैतागतो, अगदी तसे!

नेस्मिथ सरांनी नवा खेळ रचला. १३ नियम लिहिले. चेंडू टाकायला दोन खोकी हवी होती. ती मिळाली नाहीत. मिळाल्या पीच नावाच्या फळांच्या दोन टोपल्या! त्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. टोपली म्हणजे बास्केट. म्हणून बास्केटबॉल!

पण टोपलीला बूड असतं ना? मग चेंडू आत पडला की आतच राहायचा! प्रत्येक वेळी शिडीवर चढून कुणीतरी तो काढायचा. पहिल्या सामन्यात ही कसरत एकदाच करावी लागली. कारण अख्ख्या सामन्यात एकच चेंडू टोपलीत पडला. निकाल १-०!

या खेळाची बातमी जवळच्याच स्मिथ कॉलेजमध्ये पोचली. ते मुलींचं कॉलेज. तिथे सेंडा बेरेन्सन नावाच्या तरुण शिक्षिका होत्या. लहानपणी त्या स्वतः खूप अशक्त होत्या. व्यायामाने त्यांना बळ आलं. मग त्यांना वाटलं, माझ्या मुलींनीही खेळायला हवं!

मार्च १८९३. कॉलेजातल्याच दोन वर्गांचा सामना ठरला. प्रेक्षक म्हणून फक्त बायका-मुली. पुरुषांना आत यायला बंदी! खेळाडू कशा होत्या? पायघोळ झग्याऐवजी सैल, फुगीर विजारी घातलेल्या. त्या काळात तेवढंही फार धीट मानलं जायचं.

बाईंनी सामना सुरू करायला चेंडू वर उडवला. आणि बाईंचा हात लागला एका कर्णधार मुलीच्या दंडाला. तिचा खांदाच निखळला! खेळ सुरू व्हायच्या आत! तिच्या जागी दुसरी मुलगी आली आणि सामना रंगला.

आता ऐक, बेरेन्सनबाईंनी मुलींसाठी नियम कसे बदलले. त्या काळी बरेच डॉक्टरसुद्धा म्हणायचे, की मुली फार धावल्या तर त्यांच्या हृदयाला त्रास होईल. मग बाईंनी युक्ती काढली. मैदानाचे तीन भाग केले. प्रत्येक मुलीला एक भाग ठरवून दिला. त्या भागाची रेघ ओलांडायची नाही म्हणजे नाही!

तुझ्या डब्यात किंवा ताटात कप्पे असतात ना? वरणाने भाताच्या कप्प्यात जायचं नाही. भाजीने पोळीकडे बघायचं नाही. तसं!

आट्यापाट्या खेळलं आहे का कुणी घरात, विचार. आजोबांना नक्की माहीत असेल. त्यात अडवणारा खेळाडू आपल्या पाटीवरच इकडून तिकडे धावतो. पाटी सोडून पळणाऱ्याच्या मागे जाऊ शकत नाही. मुलींचं बास्केटबॉल साधारण तसंच झालं.

आणखी नियम बघ. दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही. ३ सेकंदांहून जास्त वेळ धरून ठेवायचा नाही. आणि चेंडू जमिनीवर टप टप आपटत न्यायचा तर फक्त ३ टप्पे. चौथा टप्पा पडला की शिट्टी!

१८९९ साली मुलींचे नियम एकसारखे करायला एक समिती बसली. १९०१ साली ते पुस्तकात छापूनही आले. पुढे १९३८ साली तीन कप्प्यांचे दोन झाले. एका संघात सहा मुली. तीन एका बाजूला, तीन दुसऱ्या बाजूला.

जरा डोळे मीट आणि विचार कर. एका बाजूच्या तिघी चेंडू टोपलीत टाकायच्या. दुसऱ्या बाजूच्या तिघी फक्त अडवायच्या. कारण त्यांची हद्द मधल्या रेघेपर्यंतच! चेंडू अडवला, पळवला, रेघेपर्यंत आणला, की पलीकडच्या मैत्रिणीला द्यायचा आणि उभं राहून बघायचं.

म्हणजे एखादी मुलगी वर्षानुवर्षं बास्केटबॉल खेळली, कप जिंकली, फोटोत चमकली. पण सामन्यात तिने एकदाही चेंडू बास्केटमध्ये टाकला नाही! कारण तिला तशी परवानगीच नव्हती! स्वयंपाकघरात रोज कांदा चिरायचा, आणि एकदाही भजी तळायला मिळायची नाहीत. मला तर हे वाचून त्या मुलींसाठी फार वाईट वाटलं. किती हात शिवशिवले असतील!

पण मुलींनी हळूहळू रेघा पुसायला लावल्या. १९६२ च्या सुमारास प्रत्येक संघातल्या दोघींना सगळ्या मैदानात फिरायची मुभा मिळाली. १९६६ साली हवे तेवढे टप्पे टाकायची मुभा मिळाली. तेव्हा कदाचित तुझी आजी तुझ्याएवढी असेल! आणि १९७१ साली कॉलेजच्या मुलींचे कप्पे पूर्ण गेले. पाच मुली, अख्खं मैदान. धावा कितीही!

मुलींच्या हृदयाला काही झालं नाही. उलट १९७६ साली मॉन्ट्रियलच्या ऑलिम्पिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल आलं. पुरुषांचं आलं होतं १९३६ साली. पुरती ४० वर्षं वाट पाहिली मुलींनी!

आणि हे ऐक. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शाळेच्या मुली कप्प्यांचा सहा जणींचा खेळ खेळत राहिल्या, तो थेट १९९३ सालापर्यंत. त्यांचं त्या खेळावर प्रेमच तसं होतं! आणि त्या जुन्या कप्प्यांची एक बहीण आजही जगभर खेळली जाते. तिचं नाव नेटबॉल. त्यात प्रत्येकीच्या अंगावर इंग्रजी अक्षरं असतात. ज्या अक्षराला जो भाग ठरलेला, तिने तिथेच खेळायचं!

चल, आता परत येऊ आपल्या घाटकोपरला.

घाटकोपरच्या शेजारचं स्टेशन विद्याविहार. तिथल्या एका कॉलेजच्या कोर्टावर माझी भाची खेळते. परवा मी तिला न्यायला गेले, तर सराव चालूच होता. मी कठड्यावर बसले. बाजूला एक चेंडू पडला होता. उचलला, आणि हातात छान मावला!

"हा लहान आहे का गं?" मी विचारलं.

"मावशी, हा सहा नंबरचा. मुलांचा सात नंबरचा असतो," ती धावता धावताच ओरडली.

बघ, चेंडूलाही बुटासारखे नंबर! सात नंबरचा चेंडू कमरेला दोरी गुंडाळून मोजला, तर साडेएकोणतीस इंच भरतो. सहा नंबरचा साडेअठ्ठावीस. घेरात फरक फक्त एका इंचाचा. आणि वजनात फरक? साधारण एका कोंबडीच्या अंड्याएवढा!

एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटतं. पण स्वयंपाकघरात जा. आधी मोठा नारळ एका हाताने वरून धरून बघ. मग जरा लहान नारळ धर. (खाली पाय नकोत हं!) हातात नीट बसणारी वस्तू आपण घट्ट धरतो, नेमकी फेकतो. बहुतेक मुलींचे पंजे मुलांच्या पंज्यांहून थोडे लहान असतात. म्हणून अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींना १९८४ सालच्या मोसमात हा लहान चेंडू मिळाला. आंतरराष्ट्रीय सामन्यांत तो आला त्यानंतर वीस वर्षांनी, २००४ साली.

आणि एक भन्नाट गोष्ट! तीन-तीन जणांचं छोटं बास्केटबॉल असतं, त्याला थ्री-बाय-थ्री म्हणतात. त्याचा चेंडू आकाराने सहा नंबरचा, पण वजनाने सात नंबरचा! आणि मुलं आणि मुली दोघेही तोच वापरतात.

अजून एक कोडं. रिंगेची रुंदी असते ४५ सेंटिमीटर. मुलींचे दोन चेंडू एकमेकांना चिकटवून शेजारी शेजारी धरले, तर एकदम रिंगेतून जातील का?

हिशेब कर! एक चेंडू २३ सेंटिमीटर. दोन मिळून ४६. हाय रे! एका बोटाच्या रुंदीएवढ्या फरकाने अडकले! पण यावरून कळलं ना, रिंग केवढी मोठी असते? खालून बघताना ती इवलीशी वाटते. खरं तर तिथे जवळजवळ दोन चेंडूंची जागा आहे!

भाचीचा सराव चालूच होता. कोपऱ्यात एक घड्याळ उलटं पळत होतं. २४, २३, २२... हे कसलं घड्याळ? मेट्रोचं दार बंद होण्याआधी टुंग टुंग वाजतं ना, तसलं हे घड्याळ! चेंडू हातात आला की २४ सेकंदांत रिंगेकडे टाकायचाच. नाहीतर चेंडू समोरच्यांना!

२४च का? २५ का नाही? याची गोष्ट तर मला सगळ्यांत जास्त आवडते.

पूर्वी हे घड्याळ नव्हतंच. एखादा संघ एका गुणाने पुढे गेला, की चेंडू आपापसांत नुसता फिरवत बसायचा. टाकायचाच नाही! २२ नोव्हेंबर १९५० रोजी अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक संघांचा सामना संपला १९-१८ असा. अख्खा सामना मिळून ३७ गुण! लोक कंटाळून गेले. एकटाच बॅटिंग करत बसणारा आणि आउटच न होणारा दादा प्रत्येक गल्लीत असतो ना, तसं झालं!

मग डॅनी बिआसोन नावाच्या संघमालकांनी हिशेब मांडला. सामना ४८ मिनिटांचा. म्हणजे ४८ गुणिले ६०, बरोबर २८८० सेकंद. चांगल्या, रंगलेल्या सामन्यात दोन्ही संघ मिळून चेंडू किती वेळा टाकतात? साधारण १२० वेळा. मग २८८० भागिले १२०? कर बघू पाटीवर!

२४! भागाकाराने एक खेळ वाचवला! १९५४ साली हे घड्याळ सुरू झालं.

आता ओळख, कॉलेजच्या खेळात घड्याळ आधी कुणी आणलं? मुलांनी की मुलींनी?

मुलींनी! कॉलेजच्या मुलींनी १९७० च्या आसपासच ३० सेकंदांचं घड्याळ घेतलं. मुलांच्या खेळात ते आलं १९८५ साली, आणि तेही ४५ सेकंदांचं. मग ते झालं ३५. आणि २०१५ साली झालं ३०. म्हणजे मुलं चालत चालत मुलींच्या आकड्यापाशी येऊन पोचली! ज्या मुलींना कधीकाळी कप्प्यात उभं केलं होतं, त्यांनीच खेळाला वेग कसा द्यायचा ते दाखवलं.

त्याच २०१५ साली मुलींनी आणखी एक बदल केला. २० मिनिटांचे दोन भाग सोडून १० मिनिटांचे चार भाग घेतले. कॉलेजच्या मुलांच्या खेळात दोनच भाग राहिले. आता त्यांनीही चार करावेत का, यावर तिकडे चर्चा चालू असते.

आपल्याकडे कॉलेजचे सामने आंतरराष्ट्रीय नियमांनी होतात. म्हणून माझ्या भाचीला २४ सेकंद मिळतात, आणि अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलीला ३०. विद्याविहारच्या मुलीला सहा सेकंद कमी! सहा सेकंद म्हणजे काय, ते मनात मोजून बघ. बुटाची एक लेस बांधून होते तेवढ्यात.

सराव संपला. भाची घाम पुसत आली. मी वर रिंगेकडे बोट दाखवलं. "ही तरी मुलींसाठी खाली असते का गं?"

"नाही! तेवढीच. दहा फूट!"

खरंच आहे. आपल्या कबड्डीत बायकांचं मैदान १२ बाय ८ मीटर असतं आणि पुरुषांचं १३ बाय १०. व्हॉलीबॉलमध्ये पुरुषांची जाळी २.४३ मीटर उंच, तर बायकांची २.२४. पण बास्केटबॉलची रिंग सगळ्यांना सारखीच, १० फुटांवर. आणि १० फूटच का, माहीत आहे? कारण नेस्मिथ सरांनी टोपल्या ज्या कठड्याला ठोकल्या, तो कठडा १० फुटांवर होता! तो जरा खाली असता, तर सगळ्या जगातल्या रिंगा खाली असत्या!

२०१२ साली जीनो ऑरिएम्मा यांनी एक प्रस्ताव मांडला. कनेक्टिकट विद्यापीठाच्या मुलींच्या संघाचे ते नावाजलेले प्रशिक्षक. ते म्हणाले, मुलींसाठी रिंग साधारण सात इंच खाली घ्या. अजून चेंडू आत पडतील, खेळ आणखी रंगेल. केवढा वाद झाला! आणि रिंग अजूनही जिथल्या तिथेच आहे.

मी भाचीला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मावशी, मी सहावीपासून दहा फुटांवर टाकतेय. माझ्या हाताला तीच उंची पाठ आहे. आता खाली घेतली तर माझे सगळे चेंडू वरून जातील!"

मलाही तिचं पटलं. शिवाय सगळ्या शाळांमधल्या आणि सोसायट्यांमधल्या रिंगा कोण बदलणार? मुलांच्या वेगळ्या आणि मुलींच्या वेगळ्या करायच्या, तर आधीच जागेची मारामार! मुंबईतल्या नागपाड्यात बघ. तिथली मुलं कित्येक वर्षं दाटीवाटीच्या वस्तीत बास्केटबॉल खेळतायत. तिथे आणखी दोन खांब रोवायचे तरी कुठे?

आणि दहा फुटांवर नेम धरून आपल्या मुली कुठवर गेल्या, तेही ऐक. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या महिला संघाची कर्णधार झाली! २०१७ साली बंगळुरूला आशिया कपाच्या ब गटाचा अंतिम सामना होता. भारत विरुद्ध कझाकस्तान. शिरीनताई त्या संघात होती. भारत जिंकला ७५-७३. फक्त दोन गुणांनी! एका बास्केटने! अशा सामन्यात कुणाचा पाय रेघेवर आणि कुणाचा रेघेबाहेर, याला किती किंमत असेल, सांग बघू!

मग एका रविवारी मी पोर्टलंडच्या रेघेची गोष्ट आमच्या सोसायटीतल्या मुलांना सांगितली. मग काय! सगळे खाली पळाले. आमच्याकडे एका टोकाला खरी रिंग आहे. दुसऱ्या टोकाला भिंतीवर खडूने काढलेला गोल. विटेचा तुकडा आला. खाली फरशीचे चौकोनी ब्लॉक आहेत, ते पावलांनी मोजत मोजत दोन्हीकडे कमानी काढल्या.

मग दुसरीतली एक चिमुरडी दोन्हीकडे जाऊन ब्लॉक मोजून आली. एकदा. परत एकदा. आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "इकडे अकरा आहेत. तिकडे दहाच!"

एकच ओरडा झाला. तू मोजलंस! नाही, तू मोजलंस! पुसा ती! नको, तीच राहू दे, आमची बाजू आहे ती! एकाने ओल्या फडक्याने रेघ पुसायलाही घेतली.

"थांब ना," ती चिमुरडी म्हणाली. "आधी दोन्हीकडून दहा-दहा चेंडू टाकून बघू. मग ठरवू."

फडकं बाजूला पडलं. कुणीतरी मोबाइलवर घड्याळ लावलं, २४ वर. चेंडू होता सात नंबरचा, दादाचा, तिच्या हाताला फार मोठा. तिने तो दोन्ही हातांनी गुडघ्यांपासून उचलला, अकराव्या ब्लॉकच्या मागे पाय नीट जुळवले, खाली वाकून रेघ बघितली, आणि वर फेकला.